प्रतिध्वनी ऐकलात तर धरला जात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३४, पुण्यात नोकरी. बंगळुरूला मोठ्या पदावर बदली चालून आली आहे, महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. इथे आई एकटी आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, आतला आवाज ऐक. कुठेतरी वाचलं की यहुदी लोक नव्या वर्षाला शिंग फुंकून हा आवाज जागा करतात. मी तीन दिवस पहाटे उठून शांत बसले. एकाच्या जागी दहा आवाज ऐकू आले. त्यातला माझा कोणता हे कसं ओळखायचं? आणि ते शिंग ऐकायला बाहेरचं माणूस आलं तर तुमच्याकडे चालतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. पहिल्यासाठी जरा ऐसपैस बसा.

मी समुपदेशक आहे, सव्वीस वर्षं झाली. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी; मूळचा अलिबागकडचा, आता ठाणेकर. आणि गेली चौदा वर्षं रोश हशानाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, शोफार, म्हणजे तुम्ही म्हणता ते शिंग, फुंकायचं काम माझ्याकडे आहे. आधी ते वडिलांकडे होतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या हाताला लागतात, आणि म्हणूनच उत्तर लांबणार आहे.

तुम्ही वाचलंत ते अर्धं खरं आहे. १२व्या शतकातला आमचा मोठा पंडित आणि पेशाने वैद्य असलेला मायमोनिदीस म्हणतो की शोफारमध्ये एक सूचना दडलेली आहे: झोपलेल्यांनो, जागे व्हा आणि आपली कृत्यं तपासा. कृत्यं, बरं का. आतला आवाज हा शब्द त्याने वापरलेला नाही. आजकाल सणांवर जे गोडगोड लिहिलं जातं त्यात हा फरक पुसला जातो आणि मग माणसं पहाटे उठून डोळे मिटून काहीतरी ऐकू येण्याची वाट बघत बसतात. तुम्ही बसलात तशी.

खरी मौज शास्त्राच्या बारीकसारीक कलमांत आहे. पहिलं कलम असं की आज्ञा शोफार फुंकण्याची नाही, ऐकण्याची आहे. फुंकण्याआधी आम्ही जो आशीर्वाद म्हणतो त्यात "शोफारचा आवाज ऐकण्याची आज्ञा दिलीस" असे शब्द आहेत. म्हणजे मी फुंकतो तेव्हा मलाही तो ऐकावाच लागतो, नाहीतर माझं कर्तव्य झालं असं होत नाही. वडील म्हणायचे, "फुंकणारा हमाल आहे रे, ऐकणारा मालक."

दुसरं कलम माझं आवडतं. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे आमच्या शास्त्राच्या जुन्या संहितेत, रोश हशाना प्रकरणात, एक प्रश्न येतो: एखाद्याने खड्ड्यात, तळघरात किंवा मोठ्या रांजणात तोंड घालून शोफार फुंकला तर? उत्तर एका ओळीचं आहे. शोफारचा आवाज ऐकला असेल तर कर्तव्य पार पडलं. प्रतिध्वनी ऐकला असेल तर नाही.

एवढंच. प्रतिध्वनी खोटा असतो असं कुणी म्हटलेलं नाही. तो त्याच शोफारचा असतो, चाल तीच असते, बऱ्याचदा मूळ आवाजापेक्षा भरदार लागतो. तरीही तो धरला जात नाही.

२०२० साली या कलमाचा अर्थ आम्हाला नव्याने कळला. त्या वर्षी सणाचा पहिला दिवस शनिवारी आला होता आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, शोफार फुंकत नाहीत. राहिला रविवार, २० सप्टेंबर. टाळेबंदीमुळे सगळीकडे दारं बंद. आमच्यातली तरुण पोरं म्हणाली, झूमवर लावू. पण बहुतेक ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, रब्बींचं (धर्मपंडितांचं) मत पूर्वीपासून असं आहे की लाउडस्पीकरमधून किंवा यंत्रातून येणारा आवाज शोफारचा नव्हे. मी इमारतीच्या गच्चीवर जाऊन फुंकला. इस्रायलमध्ये अश्दोदला असलेली माझी मावशी सणानंतर फोनवर सांगत होती की तिच्या रस्त्यावर एक माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहून फुंकत गेला आणि ती गॅलरीत उभी राहून ऐकत होती. "मधे काही नव्हतं," ती म्हणाली, "तो, मी आणि हवा."

आता तुमचे दहा आवाज. माझा अंदाज आहे, त्यातले बरेचसे खड्ड्यातून आलेले आहेत. हे तुमचा दोष म्हणून सांगत नाही. माणसाचं मन तयारच तसं होतं. लेव विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९२०-३०च्या दशकांत लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करून असं मांडलं की मूल आधी दुसऱ्यांशी बोलतं, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतं, आणि हळूहळू ते बोलणं आत जातं. म्हणजे आपण ज्याला मनातलं बोलणं म्हणतो ते आधी बाहेर होतं. ज्या आवाजात तुम्ही स्वतःला "एवढं कसं कळत नाही तुला?" म्हणता, तो कुणाचा तरी खराखुरा आवाज होता. पाचवीच्या बाईंचा असेल, मोठ्या काकांचा असेल.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना कागद देतो. जे जे ऐकू येतं ते एकेका ओळीत लिहायचं, जसंच्या तसं, शब्द न सुधारता. मग प्रत्येक ओळीपुढे लिहायचं की हे वाक्य आधी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं. "अशी संधी परत येत नाही", हे कुणाचं? "पोटची पोर असून आईला टाकून गेली", हे कुणाचं? कुणी प्रत्यक्ष म्हणालं, की कुणीतरी म्हणेल अशी धास्ती आहे? बहुतेक ओळींना मालक सापडतात. एका गृहस्थांच्या यादीत नऊपैकी चार ओळी त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या निघाल्या आणि एक जाहिरातीतली. ते इतके हसले की बाहेर बसलेल्यांनी दार ठोठावलं.

मालक सापडला म्हणून ओळ फेकून द्यायची नाही. आई म्हणते ते बरोबरही असू शकतं, साहेब म्हणतात तेही. फक्त ते तुमच्या नावावर जमा करायचं नाही. त्याचा विचार 'सल्ला' या सदरात करायचा.

याच कलमावर तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, रब्बी हूना यांनी घातलेली भर आहे. ते म्हणतात, हा प्रतिध्वनीचा प्रश्न खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्यांचा. जे खड्ड्यातच आहेत त्यांना शोफारच ऐकू येतो, त्यांचं कर्तव्य झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात असतो आणि काठावर वीस जण उभे असतात. नातेवाईक, मित्र, आणि फी घेऊन मीही. काठावरच्या प्रत्येकाला वाटतं की खालून काय आवाज येतोय ते आपल्याला नीट कळलंय. कळलेला असतो तो घुमून वर आलेला. त्यामुळे बंगळुरूला जा किंवा जाऊ नका, असं मी सांगणार नाही. मी काठावर आहे.

मग खड्ड्यातल्या माणसाने काय कान देऊन ऐकायचं? इथे शोफारचे सूर उपयोगी पडतात.

शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. गाईचं चालत नाही. पूर्वजांनी वाळवंटात पूजेसाठी केलेल्या सोन्याच्या वासराची आठवण नको म्हणून. त्याला ना भोकं, ना पट्ट्या, ना जीभ. ओठ दाबून, तोंडाच्या कोपऱ्यातून हवा सोडायची. शिंग कोरडं असेल तर फुसकं निघतं, ओठ थकले तर किंचाळतं. त्यातून तीन प्रकारचे आवाज काढायचे असतात. तकिया, एक सरळ लांब सूर. शवारिम, तीन तुटक सुस्कारे; शब्दाचा अर्थच तुटलेले. आणि तरुआ, नऊ किंवा जास्त बारीक हुंदके, एकापाठोपाठ. ठरावीक क्रमाने हे सगळे मिळून शंभर आवाज फुंकायची प्रथा आहे.

हे तुटके सूर आले कुठून? तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, या दिवसाला 'तरुआचा दिवस' म्हटलंय, पण तरुआ म्हणजे नेमका कसा आवाज हे काही शतकांनी कुणालाच खात्रीने सांगता येईना. तलमूदमधल्या पंडितांनी शोधलं ते असं: अरामी भाषांतरात तरुआला जो शब्द वापरलाय तो रडण्याचा आहे, आणि त्याच धातूचा शब्द बायबलच्या शास्ते ग्रंथात सिसराच्या आईबद्दल येतो. ती खिडकीत उभी राहून मुलाच्या रथाची वाट बघते आणि रडते. मुलगा मारला गेलाय, तिला अजून माहीत नाही. म्हणजे तरुआ सिसराच्या आईच्या रडण्यासारखा. सिसरा कोण? इस्रायलींवर चालून आलेला शत्रूचा सेनापती. वर्षातल्या सर्वांत पवित्र आवाजाचं माप घेतलं ते शत्रूच्या आईच्या रडण्यावरून, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बरं, मग ती कशी रडली? कण्हत की हुंदके देत? यावर एकमत होईना, तेव्हा कैसरियाच्या रब्बी अब्बाहूंनी ठरवून दिलं की दोन्ही फुंका, आणि दोन्ही जोडूनही फुंका. खात्री नव्हती म्हणून सगळ्या शक्यता ठेवल्या. आजही आम्ही तसंच फुंकतो.

मला हे माझ्या खोलीत रोज दिसतं. युजीन जेंडलिन नावाचा एक तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञ होता. जन्म १९२६चा, व्हिएन्नातला. नाझी आल्यावर १९३८ साली यहुदी कुटुंबासोबत घर सुटलं. पुढे शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सबरोबर काम करताना त्याने आणि सहकाऱ्यांनी समुपदेशनाच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न होता की काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, असं का? फरक समुपदेशकाच्या हुशारीत सापडला नाही, तो समोरच्या माणसाच्या बोलण्याच्या पद्धतीत सापडला. ज्यांना फायदा व्हायचा ते अडखळायचे. "मला राग आलाय... राग नाही म्हणता येणार... इथे छातीत काहीतरी घट्ट... हां, मी दमलेय." शब्द चाचपायचे, टाकायचे, दुसरा घ्यायचे. जे सफाईदार, आखीव बोलायचे, त्यांना कमी फायदा व्हायचा.

सव्वीस वर्षांत माझा कान याच एका गोष्टीला सरावलाय. प्रतिध्वनी गुळगुळीत असतो. त्याचं वाक्य पूर्ण असतं, कर्ता-कर्म-क्रियापद जागेवर, बहुधा शेवटी 'पाहिजे' असतं. स्वतःचं जे असतं ते तुटक येतं, शवारिमसारखं, आणि बऱ्याचदा आधी शरीरात येतं. बंगळुरूचं ईमेल उघडलंत तेव्हा खांदे वर गेले की खाली आले? आईच्या घराच्या जिन्यात पाय जड होतात की हलके? याची उत्तरं शब्दांत पटकन मिळत नाहीत आणि न मिळणं चांगलं लक्षण आहे. थांबा, चाचपा, चुकीचा शब्द टाका. योग्य शब्द सापडला की शरीर थोडं सैल होतं, एक श्वास आपोआप खोल जातो. मराठीत आपण "मन ग्वाही देत नाही" म्हणतो ते फार अचूक आहे. ग्वाही म्हणजे साक्ष. मन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं, न्यायाधीशाच्या खुर्चीत नाही.

हे मी मुद्दाम ठासून सांगतोय. आतला आवाज म्हणजे देवाचा निकाल, त्यापुढे विचार नको, ही समजूत मी माझ्या कामात घरं मोडताना पाहिली आहे. आमच्या परंपरेत तर आकाशवाणीलाही गप्प केल्याची गोष्ट आहे. तलमूदमध्ये एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून वाद चालतो. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणतात, मी बरोबर असेन तर ते झाड सांगेल, आणि झाड उपटून दूर जातं. ओढा उलटा वाहतो. पाठशाळेच्या भिंती कलतात. शेवटी आकाशातून आवाज येतो: एलिएझरचंच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहून तोराचेच शब्द ऐकवतात, "ती आकाशात नाही." तोरा माणसांना दिलेली आहे, आता माणसंच विचार करून ठरवतील. आणि देव हसून म्हणतो, माझ्या पोरांनी मला हरवलं. त्या आकाशातल्या आवाजाला हिब्रूत 'बात कोल' म्हणतात. शब्दशः आवाजाची लेक, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रतिध्वनी. मला वाटतं, हा योगायोग नसावा. पण हे माझं मत, शास्त्र नव्हे.

आणि जे शिंग आम्ही फुंकतो ते मेंढ्याचंच का, याच्या कथेतही दोन आवाज आहेत. अब्राहामला एक आवाज सांगतो, मुलाचा बळी दे. सुरी उगारल्यावर दुसरा आवाज दोनदा नाव घेऊन हाक मारतो: अब्राहाम, अब्राहाम, मुलावर हात टाकू नकोस. मग झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसतो. ही कथा आम्ही सणाच्या दुसऱ्या दिवशी वाचतो. पहिला आवाज ऐकून कान बंद केले असते तर काय झालं असतं, हे सांगायला नको. तुम्हाला पहाटे जे पहिलं ठाम वाक्य ऐकू येईल त्यानंतर उठू नका. बसून राहा.

इथे एक वेगळी गोष्ट, कामाचा भाग म्हणून. मी आतापर्यंत बोलतोय ते विचारांसारख्या आवाजाबद्दल. खोलीत कुणी नसताना कानाला स्पष्ट आवाज ऐकू येत असेल, तो हुकूम करत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, किंवा कित्येक रात्री झोपच नसेल, तर कागद-पेन बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. पण हे उत्तर तुम्ही एकट्याच वाचणार नाही.

आता एलियाहू. आम्हा कोकणातल्या बेने इस्रायलींचा हा लाडका संदेष्टा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा. त्याला आम्ही एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतो. नवस फेडायला, लग्न ठरलं की, नवं घर घेतलं की आम्ही मलिदा करतो: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, फळं, आणि एलियाहूचं गाणं. लहानपणी आम्हाला मलिद्यात रस होता, एलियाहूत कमी.

त्याच एलियाहूची गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. राणी ईझेबेलच्या भीतीने तो पळतो, होरेब डोंगरावरच्या गुहेत रात्र काढतो. तिथे डोंगर फाडणारा वारा येतो, भूकंप होतो, आग येते. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य आहे: देव त्यात नव्हता. आगीनंतर येतो 'कोल दमामा दका'. बारीक, झिरझिरीत शांततेचा आवाज, असं काहीसं मराठीत म्हणता येईल. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपाकडच्या यहुदी लोकांच्या या सणांतल्या प्रार्थनेत एक ओळ आहे: मोठा शोफार फुंकला जातो आणि शांततेचा बारीक आवाज ऐकू येतो. आमच्या सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या, वळणाच्या रितीत ती प्रार्थना नाही. मी ती एका सणाला मावशीकडे इस्रायलला गेलो असताना ऐकली. शोफारच्या दणक्याशेजारी ती शांतता ठेवणारा कवी कोण असेल कुणास ठाऊक, पण त्याला शोफारच्या लगेच नंतरचा तो क्षण माहीत असणार. शंभरावा सूर संपतो, कान अजून झिणझिणत असतात, आणि पंख्याचा आवाजही वेगळा वाटतो.

पण मला गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो सहसा सांगितला जात नाही. तो आवाज एलियाहूला लगेच आदेश देत नाही, आधी विचारतो: "एलियाहू, तू इथे काय करतोयस?" हाच प्रश्न वादळाआधीही विचारलेला आहे. आणि एलियाहू दोन्ही वेळा शब्दशः तेच उत्तर देतो. मी फार आवेशाने काम केलं, सगळ्यांनी दगा दिला, मी एकटाच उरलोय. वारा, भूकंप, आग, एवढं सगळं होऊन माणसाचं पाठ केलेलं उत्तर बदललं नाही! समुपदेशकांनी ही गोष्ट फ्रेम करून लावायला हवी.

म्हणून मी एकच प्रश्न दोनदा विचारतो, आठवड्याच्या अंतराने. तुम्हीही करून बघा. आज लिहा: मी बंगळुरूला कशासाठी जाईन? मी पुण्यात कशासाठी राहीन? कागद घडी घालून ठेवा. आठ दिवसांनी न बघता परत लिहा. दोन्ही कागदांवर अक्षरशः तीच वाक्यं आली तर ते पाठांतर आहे असं समजून अजून थोडं खणा. काहीतरी हललं असेल, एखादा शब्द गळला असेल, नवा आला असेल, तर तिथे बोट ठेवा.

कधी आणि किती वेळ बसायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत; पण पहाटे उठून तीन दिवस बसलात त्यावरून सांगावंसं वाटतं. आमच्या पूर्वजांची कथा अशी की जहाज फुटून सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली. पोथ्या समुद्रात गेल्या. गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू विसरली, सणांची हिब्रू नावंही विसरली. मराठी नावं मात्र राहिली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. आणि त्यापासून दहाव्या दिवशी येणारा योम किप्पूर, क्षमेचा उपवास, तो दारफाळणीचा सण. दार फाळायचं म्हणजे दार लावून घ्यायचं. पांढरे कपडे, उपवास, आणि दिवसभर घराबाहेर कुणाशी संबंध नाही. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव 'नईला', म्हणजे वेशी बंद होणं. कोकणातल्या तेल्यांना ते नाव माहीत नव्हतं, प्रार्थनाही येत नव्हत्या, पण दार लावायचं तेवढं हातात राहिलं होतं.

वर्षातून एक दिवस. रोज नव्हे. सतत आत कान लावून बसणाऱ्या माणसाला आवाज ऐकू येत नाहीत, आवाजांची गर्दी ऐकू येते. तुम्ही एक सुट्टीचा दिवस काढा, फोन दुसऱ्याच्या घरी ठेवा, दार लावा. दोन-तीन तास कंटाळा येईल, तो येऊ द्या. पहाट वगैरेची गरज नाही. झोप पूर्ण झालेली असणं जास्त गरजेचं.

आणि दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी असायचा शिळा सण. दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं. मिश्नेत योम किप्पूरबद्दल एक रोखठोक कलम आहे: माणूस आणि देव यांच्यातली चूक या दिवसाने माफ होते, माणूस आणि माणूस यांच्यातली होत नाही, जोवर तुम्ही जाऊन त्या माणसाची समजूत घालत नाही. आत कितीही खोल गेलात तरी काही उत्तरं आत नसतातच, दुसऱ्याच्या घरी असतात.

यावरून तुमच्या पत्राकडे येतो. मी ते तीनदा वाचलं. त्यात साहेब काय म्हणाले ते आहे, मैत्रिणी काय म्हणाल्या ते आहे, "आई एकटी आहे" असंही आहे. आई काय म्हणाली ते कुठेच नाही. तुम्ही त्यांना सांगितलंय का? माझा तर्क, नाही सांगितलं. दहा आवाजांपैकी आईचा म्हणून जो ऐकू येतोय तोसुद्धा तुम्हीच तयार केलेला आहे, खड्ड्यातून घुमून आलेला. त्या कदाचित म्हणतील जा, कदाचित रडतील, कदाचित म्हणतील मलाही यायचंय. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी आम्ही हन्नाची गोष्ट वाचतो. ती देवळात उभी राहून प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि म्हातारा पुरोहित एली तिला दारू प्यायलेली समजतो. मनातल्या मनात बोलणाऱ्या बाईबद्दल समोरचा माणूस काहीही समज करून घेतो. हन्ना त्याला तोंडाने उत्तर देते तेव्हाच त्याला कळतं. कागद, आठ दिवसांनी परत लिहिणं, दार लावणं, हे सगळं करा, पण या रविवारी आईकडे जाऊन आधी मोठ्याने सांगा. महिनाअखेरीला अजून वेळ आहे.

राहिला दुसरा प्रश्न. हो, चालतं. यंदा, २०२६ मध्ये, सणाचा पहिला दिवस १२ सप्टेंबर, शनिवार आहे, त्यामुळे त्या दिवशी शोफार नाही. रविवारी १३ तारखेला ठाण्याला या. दुसऱ्या दिवशी गणपती आहेत, बाजारात गर्दी असेल, पुण्याहून निघताना वेळ धरून निघा. पुण्यात रास्ता पेठेत आणि कॅम्पातही सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, आहे, तिथेही विचारू शकता. कुठेही जा, दोन-तीन दिवस आधी फोन करून नाव कळवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. २००८च्या हल्ल्यापासून दारावर तपासणी असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे बायका वेगळ्या बसतात, तिथल्या कुणाही आजीशेजारी बसा, पान कुठलं ते त्या दाखवतील. मधे बोलायचं नाही, संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, फोन बंद. माझा एखादा सूर फाटला तर मी तो परत फुंकतो, तेव्हा गोंधळू नका. आणि शंभर मोजत बसू नका. पुढचा सूर कुठला ते सांगायला आणि मोजायला माझ्या शेजारी एक माणूस उभा असतो.